१५ खाटांचा दवाखाना, ईएचआर आणि अडकलेले पैसे

प्रश्न असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरमध्ये १५ खाटांचा दवाखाना, चार डॉक्टर (फिजिशियन, अस्थिरोग, स्त्रीरोग, बालरोग), रोजची ओपीडी ऐंशी-नव्वद, तळमजल्यावर स्वतःचं मेडिकल. बिलिंगचं सॉफ्टवेअर दोन वर्षांपासून आहे. तरी महिनाअखेरीला जेवढं काम झालं तेवढा पैसा दिसत नाही, टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे) बरीच रक्कम अडकून आहे, आणि विक्रेता म्हणतो आता पूर्ण ईएचआर (रुग्णाच्या सगळ्या नोंदी संगणकावर ठेवणारी यंत्रणा) घ्या. घेतल्याने वसुली सुधारेल का? आणि जुन्या फायलींचं काय करायचं?

सुधारेल, पण नुसतं सॉफ्टवेअर बदलून सुधारणार नाही. आज तुमच्याकडे डॉक्टर केसपेपरवर लिहितात, सिस्टर वॉर्डच्या रजिस्टरमध्ये लिहितात, आणि काउंटरवर बसलेली व्यक्ती त्यातलं जेवढं वाचता येईल, आठवेल किंवा कुणी येऊन सांगेल, तेवढ्याचं बिल करते. हीच पद्धत ठेवून महागातलं महाग ईएचआर बसवलंत तर कागदाच्या जागी स्क्रीन येईल, एवढंच. काउंटरवर हाताने चार्ज टाकणं जवळजवळ बंद व्हायला हवं. डॉक्टरांची ऑर्डर आणि सिस्टरची 'दिलं' ही नोंद, यांतूनच चार्ज बिलावर यायला हवा. हे जमलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी रांगेत येतात.

पैसा कुठे गळतो

ओपीडीत तपासणी फी सहसा बुडत नाही, ती आधीच घेतलेली असते. बुडतं ते नंतरचं: ड्रेसिंग, टाके काढणं, नेब्युलायझेशन, ईसीजी, ग्लुकोमीटरवरची साखर, इंजेक्शन, प्लास्टर काढणं. रुग्ण केबिनमधून ड्रेसिंग रूममध्ये जातो आणि तिथून थेट पार्किंगमध्ये. काउंटरला पत्ताच नसतो. दिवसाला अशा तीनच गोष्टी सुटल्या आणि सरासरी २०० रुपये धरले, तर रोजचे ६००, महिन्याच्या २६ दिवसांचे १५,६००, वर्षाचे १,८७,२०० रुपये होतात. हा नमुन्याचा हिशोब. तुमचा खरा आकडा काढायला एक दुपार पुरते: मागच्या आठवड्याचं ड्रेसिंग रूमचं रजिस्टर घ्या, त्याच आठवड्याची बिलं घ्या आणि नावानिशी जुळवा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवरूनही असाच ताळा लागतो. ५० पट्ट्यांची डबी संपली आणि बिलं ३१ निघाली, तर काही पट्ट्या वाया गेल्या असतील हे मान्य करूनही उरलेल्यांची वाट शोधावी लागेल.

फेरतपासणीचा घोळ वेगळाच असतो. 'सात दिवसांत फॉलोअप मोफत' असा नियम पाटीवर असतो, पण तो चेहरा पाहून लावला जातो. त्याच डॉक्टरांकडे, त्याच तक्रारीसाठी, सात दिवसांत असेल तरच मोफत, हे सॉफ्टवेअरने तारखेवरून ठरवावं. सूट द्यायची असेल तर ती डॉक्टरांनी स्वतःच्या लॉगिनमधून द्यावी. रिसेप्शनवरच्या ताईंवर हा निर्णय टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. समोरचा माणूस 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणाला की त्या काय करणार?

आयपीडीतली, म्हणजे दाखल रुग्णांची, गळती मोठी आणि जरा नाजूक असते. न्यूमोनियाच्या रुग्णाला दर सहा तासांनी नेब्युलायझेशन लिहिलं, तीन दिवसांत बारा वेळा व्हायला हवं. बिलावर कधी आठ येतात, कधी अंदाजाने बारा. आता इथे लोक एक चूक हमखास करतात: ऑर्डर लिहिली की लगेच चार्ज लागेल अशी मांडणी करून घेतात. मग बिलावर बारा आणि नर्सिंग चार्टवर नऊ. टीपीएच्या डॉक्टरांकडे इनडोअर पेपर गेले की ते तीन कापतात, आणि पुढची प्रत्येक ओळ संशयाने वाचतात. म्हणून चार्ज कोणत्या क्षणी पडावा हे सेवेगणिक ठरवून घ्या. रक्त तपासणीचा चार्ज नमुना घेतल्यावर. औषधाचा मेडिकलमधून दिल्यावर, आणि परत आलेलं त्यातून वजा. प्रोसिजरचा 'झाली' अशी वेळेसह नोंद झाल्यावर. व्हिजिटचा डॉक्टरांनी त्या दिवसाची नोट सही करून बंद केल्यावर. नोट नाही तर व्हिजिट नाही, हा नियम चारही डॉक्टरांना सारखा लावा. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल, नंतर नोट्स आपसूक वेळेवर येऊ लागतात. शस्त्रक्रियेच्या फिटनेससाठी फिजिशियनला दाखवलं, रात्री दोनला इमर्जन्सी व्हिजिट झाली, हे चार्ज आज बहुतेक वेळा सुटतात, तेही याच वाटेने पकडले जातात.

ऑक्सिजन, मॉनिटर, सिरिंज पंप यांच्याबाबत सुरू केल्याची वेळ असते, बंद केल्याची नसते. त्या स्क्रीनवर 'बंद' हे बटण सक्तीचं करा. रुग्ण दुसऱ्या खाटेवर हलवताना किंवा डिस्चार्ज टाकताना चालू राहिलेली यंत्रं सॉफ्टवेअरने दाखवली पाहिजेत.

दरपत्रक आधी, बाकी नंतर

ईएचआर बसवण्याच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारं काम म्हणजे सेवांचं दरपत्रक, म्हणजे रेट मास्टर साफ करणं. जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी काढा. ड्रेसिंग छोटं, ड्रेसिंग स्मॉल, लहान ड्रेसिंग अशा तीन नावांनी एकच सेवा तीन दरांत बसलेली सापडेल. प्रत्येक सेवेला एक कोड, एक नाव, विभाग, रोख दर, विमा कंपनीनिहाय दर, डॉक्टरांचा वाटा, जीएसटी लागतो की नाही आणि दर कधीपासून लागू, एवढे रकाने हवेत. दर वाढवताना जुना दर पुसायचा नाही, नव्या तारखेने नवी ओळ घालायची. नाहीतर मार्चमध्ये दाखल झालेल्या रुग्णाचं एप्रिलमध्ये बिल काढताना दोन्ही महिन्यांना नवे दर लागतात आणि टीपीए त्यावर बोट ठेवतो.

याच यादीत विम्यात न बसणाऱ्या वस्तूंवर खूण करून ठेवा. विमा नियामकाच्या याद्यांप्रमाणे डायपर, क्रेप बँडेज, आर्म स्लिंग, नेब्युलायझर किट अशा वस्तूंचे पैसे साधारणपणे रुग्णाकडून घ्यावे लागतात. गाऊन, टोपी, कागदपत्रांचा खर्च हे खोलीभाड्यातच धरलेले असतात, ते वेगळे लावले तर कापले जातात. खूण केलेली असेल तर दाखल झाल्यापासून रोज संध्याकाळी 'रुग्णाने द्यायची रक्कम' वेगळी दिसते. डिस्चार्जच्या वेळी एकदम साडेतीन हजार मागितले की काउंटरवर आवाज चढतो. रोज थोडं थोडं सांगितलं तर चढत नाही.

दरपत्रकातली आणखी एक बारीक गोष्ट. रुग्णाला पॉलिसीप्रमाणे ३,००० रुपयांची खोली मिळते आणि तो ४,००० च्या खोलीत राहिला, तर अशी अट असलेल्या पॉलिसीत भाड्यातला फरक तर जातोच, शिवाय सर्जनची फी, नर्सिंग, ओटी अशा संलग्न खर्चावरही त्याच प्रमाणात कपात होते. हा खर्च ४०,००० असेल तर ३०,०००च मंजूर होतील. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या आहेत. तसंच ज्या दवाखान्यात खोलीनुसार फी बदलत नाही, तिथे ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, असंही नियामकाने सांगितलेलं आहे. १५ खाटांच्या दवाखान्यात खोलीगणिक सर्जनची फी वेगळी ठेवण्याला फारसा अर्थ नाही. एकच दर ठेवा, दरपत्रकात तो तसा दिसू द्या, आणि तरीही कपात झाली तर ते दरपत्रक जोडून हरकत घ्या.

जीएसटीचं थोडक्यात: उपचार करमुक्त आहेत. आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांवर भाडं असलेल्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रोसिजर करपात्र. दाखल रुग्णाला दिलेली औषधं उपचाराचा भाग धरली जातात, ओपीडीच्या रुग्णाला मेडिकलमधून विकलेली नाहीत. म्हणून मेडिकलच्या बिलात ओपीडी आणि आयपीडी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

नोंदणीच्या टेबलावरच निम्मे क्लेम बिघडतात

घरात एकच मोबाइल नंबर असतो आणि त्यावर सासू, सून, नातू सगळ्यांची नोंद होते. म्हणून मोबाइल नंबर ही ओळख धरू नका, दवाखान्याचा स्वतःचा रुग्ण क्रमांक धरा. आभा क्रमांक (रुग्णाच्या सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचा), तो १४ अंकी, असेल तर जोडा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा क्यूआर कोड काउंटरवर लावला तर रुग्ण स्वतःच्या मोबाइलवरून स्कॅन करतो आणि नाव, वय, लिंग, पत्ता टाइप न करता येतात. त्यासाठी दवाखान्याची आरोग्य सुविधा नोंदवहीत नोंद आणि सॉफ्टवेअर मिशनशी जोडलेलं असणं लागतं.

नावाकडे खास लक्ष द्या. निफाडहून आलेले गृहस्थ नाव सांगतात बाळासाहेब, आधारवर असतात भास्कर, आणि कंपनीच्या विम्यात मुलाने टाकलेलं स्पेलिंग तिसरंच. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची नोंद आई माहेरच्या आडनावाने करते, पॉलिसी सासरच्या आडनावाने असते. ही तफावत प्री-ऑथच्या, म्हणजे कॅशलेसची आगाऊ मंजुरी मागण्याच्या, वेळी क्वेरी म्हणून येते आणि नेमकी शनिवारी संध्याकाळी येते. उपाय साधा आहे: ईएचआरमध्ये 'हाकेचं नाव' आणि 'कागदोपत्री नाव' असे दोन रकाने करा. बिल, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळीकडे कागदोपत्री नावच छापलं जाईल असं बघा.

विम्याचा रुग्ण असेल तर नोंदणीतच कार्डाचा आणि आधारचा फोटो, पॉलिसी क्रमांक, टीपीएचं नाव, खोलीची मर्यादा आणि पॉलिसी संपण्याची तारीख घ्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचा गटविमा दरवर्षी नव्याने होतो आणि कधी त्यासोबत टीपीएही बदलतो. मागच्या वर्षीचं कार्ड फायलीत आहे म्हणून त्यावर विसंबू नका. पगार ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) मर्यादेत असेल तर तो वेगळा रस्ता, देवळालीकडचे माजी सैनिक ईसीएचएसचे (त्यांच्या सरकारी आरोग्य योजनेचे) असतील तर तोही वेगळा. अशा योजनेत तुम्ही नोंदलेले असाल तर रेफरल पत्राची मुदत हा रकाना सक्तीचा ठेवा. मुदत संपलेल्या पत्रावर केलेलं काम बहुधा फुकट जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम करत असाल तर त्याची बिलं रोखीच्या बिलांत मिसळू नका, पॅकेजमधल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

डॉक्टरांची नोट, टीपीएचा डोळा

क्लेम नाकारला जातो तो बहुतेक वेळा उपचार चुकला म्हणून नव्हे, तर उपचाराची गरज कागदावर दिसली नाही म्हणून. दाखल करतानाच्या नोटमध्ये चार गोष्टी हव्यातच: तक्रार किती दिवसांपासून, आधी कुठे काय उपचार घेतला, दाखल करतानाची नाडी, रक्तदाब, श्वसन, ऑक्सिजन, आणि ओपीडीत का भागलं नसतं याचं एक वाक्य. एकच रुग्ण दोन प्रकारे लिहिलेला पाहा. पहिला प्रकार: 'ताप, अशक्तपणा, निरीक्षणासाठी दाखल, सलाईन.' दुसरा प्रकार: 'पाच दिवसांचा ताप, दोन दिवसांपासून उलट्या, तोंडाने काही राहत नाही, रक्तदाब ९०/६०, प्लेटलेट ४८,०००, डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह, शिरेतून द्रव आणि दर १२ तासांनी प्लेटलेट तपासणी आवश्यक.' पहिल्यावर 'निव्वळ निरीक्षणासाठी भरती' असा शेरा येतो. ईएचआरमध्ये नेहमीच्या आठ-दहा आजारांचे साचे करून हे रकाने रिकामे ठेवताच येणार नाहीत असे केले, की क्वेरी झपाट्याने कमी होतात.

साच्यांचा धोकाही मोठा आहे. जुनी नोट कॉपी करून नवी केली की 'दहा वर्षांपासून रक्तदाब' हे वाक्य ज्याला रक्तदाब नाही त्याच्या फायलीत जाऊन बसतं. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून कमाल ३६ महिन्यांवर आणली आहे, त्यामुळे 'कधीपासून' हा शब्दच रुग्णाचे पैसे ठरवतो. रुग्ण जे सांगतो तेच लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. 'मुलाच्या सांगण्याप्रमाणे मधुमेह, नक्की कालावधी माहीत नाही' हे प्रामाणिक वाक्य आहे. क्लेम बसावा म्हणून काळ कमी करून लिहिणं ही फसवणूक आहे, आणि ईएचआरमध्ये बदलाचा माग राहतो हे चारही डॉक्टरांना स्पष्ट सांगून ठेवा. साच्यात आधीच भरलेलं उत्तर असू नये, रकाना रिकामाच उघडावा.

अस्थिरोग विभागाकरता तीन गोष्टी वेगळ्या: अपघात कसा, कुठे, केव्हा झाला, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली का, नसेल तर का नाही, आणि इम्प्लांटचा स्टिकर व खरेदीचं बिल. स्टिकर ओटीतच स्कॅन व्हायला हवा. दोन दिवसांनी तो कचऱ्यात शोधावा लागतो.

वेळांची विसंगती हा मात्र ईएचआरनेच आणलेला नवा आजार. सिस्टर रात्रपाळीच्या नोंदी सकाळी सातला एकदम टाकतात, मग सगळ्या इंजेक्शनांवर ७.०२, ७.०३ अशी वेळ पडते. मेडिकलच्या संगणकाचं घड्याळ पंधरा मिनिटं मागे असलं तर औषध ऑर्डरच्या आधी दिलेलं दिसतं. सगळ्या संगणकांची वेळ सर्व्हरवरून घ्या, वॉर्डात एक टॅब कायम चार्जिंगला लावून ठेवा, आणि उशिरा केलेल्या नोंदीत 'प्रत्यक्ष वेळ' आणि 'नोंदीची वेळ' दोन्ही राहू द्या.

कॅशलेसचं घड्याळ

२९ मे २०२४ च्या परिपत्रकाने विमा नियामकाने कंपन्यांना कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणं बंधनकारक केलं. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. पण अर्धवट कागद गेले तर क्वेरी येते आणि वेळ तुमच्या हातून जातो. तेव्हा प्री-ऑथ पाठवण्याआधी सॉफ्टवेअरनेच तपासावं: ओळखपत्र, कार्ड, पहिली ओपीडी नोट, तपासण्या, निदानाचा आयसीडी-१० कोड (आजारांचा आंतरराष्ट्रीय कोड), अंदाजे खर्च, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. एक जरी कमी असेल तर 'पाठवा' बटण बंद राहू दे. पाठवल्याची, उत्तर आल्याची, क्वेरीची आणि क्वेरीला उत्तर दिल्याची अशा चारही वेळा नोंदवा. उशीर कुणाचा हे भांडणात सांगायला त्याच उपयोगी पडतात.

डिस्चार्जचा गोंधळ सकाळी अकराला दिसतो, त्याचं मूळ आदल्या संध्याकाळी असतं. संध्याकाळी सहाला 'उद्याचे डिस्चार्ज' ही यादी निघाली पाहिजे. तेव्हाच डिस्चार्ज कार्डाचा कच्चा मसुदा, राहिलेले रिपोर्ट आणि मेडिकलला परत करायची औषधं उरकायची. मंजूर रकमेच्या ८० टक्क्यांवर चालू बिल गेलं की टीपीए डेस्कला सूचना यावी, म्हणजे वाढीव मंजुरी रुग्ण खाटेवर असतानाच मागता येते. रुग्ण घरी गेल्यावर वाढीव रक्कम मागणं म्हणजे बहुतेक वेळा ती सोडून देणं.

जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलने 'सर्वत्र कॅशलेस' सुरू केलं. नेटवर्कमध्ये नसलेल्या दवाखान्यातही ठरलेल्या अटींवर कॅशलेस मागता येतं. ठरलेली भरती असेल तर ४८ तास आधी कळवायचं, तातडीची असेल तर भरतीनंतर ४८ तासांच्या आत. दवाखान्याकडे किमान १५ खाटा हव्यात, म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात. महापालिकेच्या नर्सिंग होम नोंदणीत खाटांचा आकडा १५ आहे ना, नोंदणीची तीन वर्षांची मुदत कधी संपते, रोहिणी क्रमांकावरचा (विमा क्षेत्राच्या दवाखान्यांच्या नोंदवहीतला) पत्ता तोच आहे ना, हे पाहा. या कागदांच्या मुदती सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये ९० दिवस आधीच्या आठवणीसह टाका. अग्निसुरक्षा आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे कागदही त्यातच.

बँकेत आलेला आकडा म्हणजे सेटलमेंट नव्हे

तुमच्या प्रश्नात टीपीएकडे अडकलेली रक्कम असा सगळा एकच गठ्ठा आहे, आणि मला वाटतं अर्धी अडचण तिथेच आहे. एक उदाहरण घ्या. बिल ६३,२०० रुपये. विम्यात न बसणारे ३,२०० रुग्णाने भरले. क्लेम ६०,०००. कराराप्रमाणे ५ टक्के सवलत ३,०००, राहिले ५७,०००. टीपीएने २,००० कापले, राहिले ५५,०००. त्यावर १० टक्के टीडीएस ५,५००. बँकेत आले ४९,५००. आता बरेच दवाखाने ६०,००० समोर ४९,५०० लिहून १०,५०० 'येणे' दाखवत राहतात, किंवा वैतागून बुडीत टाकतात. खरं तर ३,००० तुम्ही स्वतःच सोडलेले आहेत. ५,५०० तुमचाच आयकर आहे, तो २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या टीडीएसच्या विवरणात) दिसला पाहिजे. भांडण फक्त २,००० चं आहे. सेटलमेंट लेटर आलं की हे तीन आकडे तीन रकान्यांत टाकल्याशिवाय क्लेम बंद होऊ नये, आणि बँकेच्या ओळीशी तो यूटीआर क्रमांकाने (बँकेतल्या त्या व्यवहाराच्या क्रमांकाने) जुळवावा. एकाच यूटीआरमध्ये पाच-सहा क्लेमचे पैसे एकत्र येतात, तिथे रक्कम बघून जुळवणारा माणूस हमखास चुकतो. २६एएस दर तिमाहीला ताळून बघा. मार्चनंतर टीपीएच्या मागे लागून दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं आहे.

कापलेल्या रकमेला कारणाचा कोड द्या: दर जास्त, कागद नाही, औषध असंबद्ध, खोलीची मर्यादा, न बसणारी वस्तू. तीन महिन्यांनी कारणांची यादी रकमेच्या क्रमाने काढलीत की पुढचं काम काय हे तीच सांगते. 'कागद नाही' वर असेल तर वॉर्डात सुधारणा, 'दर जास्त' वर असेल तर करार किंवा दरपत्रक जुळत नाही. थकबाकी ३०, ६०, ९० दिवसांच्या टप्प्यांत पाहा. एक आकडा भिंतीवर लावायचा असेल तर हा लावा: एकूण येणं भागिले रोजचं सरासरी कॅशलेस बिल. येणं १८ लाख आणि रोजचं बिल ३०,००० असेल तर ६० दिवस. तो खाली येतोय का, एवढंच बघायचं.

काउंटर

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, 'रिसेप्शन' नावाचं सामाईक लॉगिन बंद. बिल खोडता येणार नाही, रद्द करायचं तर कारण आणि डॉक्टरांची मंजुरी. सवलतीला कारण आणि देणाऱ्याचं नाव. काचेवर चिकटवलेल्या क्यूआरऐवजी प्रत्येक बिलाचा स्वतंत्र क्यूआर निघाला तर यूपीआयचे पैसे कुठल्या बिलाचे हे रात्री शोधत बसावं लागत नाही. गल्ला मिटवताना रोख, यूपीआय, कार्ड तीन आकडे वेगळे जुळले पाहिजेत. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच उपचाराच्या व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तिथे सॉफ्टवेअरने अडवलंच पाहिजे.

उधारी नाशिकमध्ये टळत नाही, आणि ती सगळी बुडीतही नसते. दिंडोरी-निफाडचा बागायतदार ऑगस्टमध्ये म्हणतो 'द्राक्षं गेली की देतो', तर ते पैसे जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यानच येणार. मग त्याला दर आठवड्याला मेसेज पाठवून संबंध का बिघडवायचे? उधारीच्या नोंदीत कबूल केलेली तारीख, जबाबदार नातेवाइकाचं नाव-नंबर आणि कुणी मंजूर केली हे घ्या, आणि आठवण त्या तारखेच्या दहा दिवस आधी, पैसे भरण्याच्या लिंकसह पाठवा. मर्यादा मात्र ठरवा: अमुक रकमेवरची उधारी फक्त मालक डॉक्टरांच्या मंजुरीने.

मग सॉफ्टवेअर कोणतं

विक्रेत्याला पाच गोष्टी करून दाखवायला सांगा, सांगून चालणार नाही. ड्रेसिंगची ऑर्डर केबिनमधून टाकून ती काउंटरच्या बिलावर आलेली. एका रुग्णाचं रोख बिल दोन क्लिकमध्ये टीपीएच्या दरात बदललेलं. रद्द केलेल्या बिलाचा माग. इंटरनेट बंद केल्यावर ओपीडी चालू राहिलेली. आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढलेला. शेवटच्या गोष्टीवर जो आढेवेढे घेतो त्याच्याशी करार करू नका. उद्या सोडून जायची वेळ आली तर तुमचेच रुग्ण तुम्हाला मागावे लागतील. आयसीडी-१० सोबत स्नोमेड सीटीही (वैद्यकीय संज्ञांची सांकेतिक यादी) असेल तर उत्तम. भारतात ते वापरायला पैसे पडत नाहीत, आणि त्याचं राष्ट्रीय काम पुण्याच्या सी-डॅकमधूनच चालतं. तुमचं सध्याचं सॉफ्टवेअर या पाचांपैकी चार करत असेल तर नवीन घेऊ नका, तेच नीट बांधून घ्या.

बसवताना घाई नको. पहिले दोन आठवडे फक्त दरपत्रक. मग एका डॉक्टरांची ओपीडी, शक्यतो ज्यांना टायपिंगचा सगळ्यात कमी कंटाळा आहे त्यांची. प्रत्येक डॉक्टरांना त्यांच्या नेहमीच्या वीसेक ऑर्डर एका बोटावर मिळाल्या पाहिजेत, नाहीतर आठवड्यात ते कागदावर परततात. त्यानंतर मेडिकल, मग वॉर्ड, शेवटी टीपीए डेस्क. कागद आणि स्क्रीन दोन्ही चालवायचं ते जास्तीत जास्त पंधरा दिवस, कारण दोन्ही असेपर्यंत कुणीच स्क्रीन पूर्ण भरत नाही. टीपीएला केसपेपरचे फोटो कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲपवरून पाठवणंही याच सुमारास बंद करा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा झालेला आहे, आणि ते फोटो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये राहतात.

जुन्या फायलींबद्दल: सगळ्या स्कॅन करू नका, तो पैसा दरपत्रकावर खर्च करा. नव्या यंत्रणेत न्यायचं ते एवढंच: गेल्या वर्षभरात आलेल्या रुग्णांची नावं, नंबर, ॲलर्जी आणि जुने आजार, उपचार सुरू असलेल्या गर्भवतींच्या आणि बालकांच्या लसीकरणाच्या नोंदी, उघडे क्लेम त्यांच्या कागदांसह, आणि उधारीची यादी. बाकीच्या फायली कपाटात राहू द्या. रुग्ण आला की त्याची फाइल काढून महत्त्वाची दोन पानं स्कॅन करायची. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं नोंदी जपणं वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. सोनोग्राफीचे फॉर्म एफ (गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली भरायचे) दोन वर्षं. एमएलसीच्या फायली प्रकरण मिटेपर्यंत हलवायच्या नाहीत. उघड्या क्लेमपैकी ९० दिवसांवरचे आधी बाजूला काढा आणि प्रत्येकाचं शेवटचं पत्र वाचा. बऱ्याच क्लेममध्ये टीपीएने मागितलेला एक साधा कागद इतके दिवस फायलीतच पडलेला असतो.